लंगडा ठेका

पाचखडीच्या लग्नात सदाशिव ऐवळे मारला गेला, तो लंगडत होता म्हणून. त्याचं कुणाशी वैर नव्हतं, बांधाचं भांडण नव्हतं, तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. निमसोंडीच्या एसटी स्टँडसमोर ‘ऐवळे बुकिंग : बँड, बेंजो, हलगी’ अशी पाटी लावून बसणारा साधा माणूस. त्या दिवशीही तो वरबापाला फक्त एवढंच विचारायला निघाला होता, की वाजवणाऱ्यांना अजून चहा का आला नाही.

त्याची बायको वनिता धंद्यात त्याची निम्म्याची भागीदार होती. ती वाद्यांच्या टेम्पोत उभी राहून वायरी गुंडाळत होती, म्हणून तिला सगळं वरून दिसलं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

मांडवापुढे हलगी कडाडत होती. वाजवत होता वनिताचा थोरला भाऊ, दिगंबर सकटे. त्याची हलगी सुरू झाली की गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यासुद्धा बसल्या जागी मांडी हलवायच्या. साथीला एक जण पोटावर घुमकं बांधून, एक जण झांजेसारखं कैताळ घेऊन. समोर शे-दीडशे माणसं नाचत होती. कुणी रुमाल दातात धरलेला, कुणी नवरदेवाला खांद्यावर घेतलेलं. मग वनिताच्या लक्षात आलं, की एरवी शंभर तऱ्हांनी वाकडेतिकडे पडणारे पाय आता एकदम उठताहेत आणि एकदम पडताहेत. टेम्पोचा पत्रा त्या दणक्यानं थरथरायला लागला. शिट्ट्या बंद झाल्या, आरोळ्या बंद झाल्या. चेहऱ्यांवरचं हसू तसंच राहिलं, पण कुणाचे डोळे कुणाकडे नव्हते.

त्या गर्दीतून सदाशिव चालला होता. लहानपणी तापात गेलेला उजवा पाय आखूड, डावा धड. टप्... टाप्प. टप्... टाप्प. तेवढं एक पाऊल कुणाच्याच पावलात पडत नव्हतं.

पहिल्यांदा नवरदेवाचा मामा वळला. मग त्याच्या शेजारचा. मग ती सगळी रांगच वळली, आणि सदाशिव खाली गेला. त्याला कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. त्याला तुडवलं, आणि तेसुद्धा तालात. हलगीच्या प्रत्येक ठोक्याला पन्नास टाचा एकदम खाली येत होत्या. खाली चप्पल सापडत होती, बरगडी सापडत होती, पायांना दोन्ही सारखंच. पलीकडे एक बहिरी म्हातारी उगाच इकडे-तिकडे बघत उभी होती. ती पण गेली.

“दादा, थांब! दादा!” वनिता टेम्पोच्या फळीवर हात आपटून ओरडत होती.

दिगंबरनं ते ऐकलं. घुमकंवाल्यानंही ऐकलं. तो पोटावरचं घुमकं टाकून पळायला लागला आणि चार पावलांत गर्दीनं त्याला गिळलं. ते दिगंबरनं अगदी जवळून पाहिलं. मग तो थांबला नाही. डोळ्यांतून धारा लागलेल्या, हलगीचं टिपरू धरलेल्या बोटांची सालं निघालेली, आणि तो वाजवत राहिला. अगदी हळूहळू, घागरीतलं पाणी हिंदकळू न देता ती खाली ठेवावी तशी त्यानं लय उतरवत आणली. कधीतरी पाय सुटे झाले. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी खाली बघितलं आणि किंकाळी फोडली.

वनिता खाली उतरली तेव्हा सदाशिवचा सदरा आणि माती वेगळी करता येत नव्हती. ती भावाकडे वळली.

“तू थांबला न्हाईस,” ती म्हणाली.

दिगंबरच्या हातातून टिपरू पडलं. पुढे कितीतरी दिवस तो बोलला नाही.

*

लोकांनी त्या रोगाला ठेकाताप असं नाव दिलं. सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. ताप तसा किरकोळ. चार-सहा दिवस अंग फणफणायचं, डोकं ठणकायचं, मग माणूस उठून कामाला लागायचा. रोग गेला असं सगळ्यांना वाटायचं, आणि खरी गोम तिथेच होती.

पाचखडीसारखी लग्नं राज्यभर झाली. मिरवणुका झाल्या, जत्रा झाल्या. सरकारनं जमावापुढे वाद्य वाजवायला बंदी घातली. लोकांना मात्र राग काढायला माणूस पाहिजे असतो. विषाणू काही हाताला लागत नाही, वाजवणारा लागतो. कुठे बँडची गाडी पेटवली, कुठे सनईवाल्याचे दात पाडले. निमसोंडीत स्टँडसमोरची बुकिंगची सगळी दुकानं एका दुपारी जाळली. तिथून तीस-चाळीस जण दांडकी घेऊन वनिताच्या दारात आले.

“दिगूला भायेर काढ. हात मोडायचे त्याचे.”

वनिता उंबऱ्यात उभी राहिली. हातात ऊस तोडायचा कोयता होता. “माझा नवरा मेलाय त्या लग्नात,” ती म्हणाली. “त्याचे हात मोडायचे असतील तर पहिला मान माझा. तुमी कोण?”

एकानं तिला ढकलून आत घुसायचा प्रयत्न केला. तिनं कोयता आडवा फिरवला. त्याच्या दंडाचं मांस उघडं पडलं, रक्ताची चिळकांडी चौकटीवर उडाली आणि बाकीचे मागे सरले. आत कोपऱ्यात दिगंबर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. तिनं त्याला वाचवलं होतं खरं, पण त्याच्याशी बोलली नाही. दोन्ही गोष्टी मनापासून होत्या.

त्याच महिन्यात तालुक्याच्या सभागृहात बुकिंगवाल्यांची आणि वादकांची बैठक झाली. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टर चारुता बर्वे बोलायला आल्या होत्या. बाई समजुतीनं सांगणारी होती.

“तान्हं मूलसुद्धा ठेका ऐकला की हलतं, पाहिलंय ना? कानापासून पायापर्यंत मेंदूत एक वाट असते. त्या वाटेवर ब्रेक लावणाऱ्या पेशी असतात. हा विषाणू नेमक्या त्याच पेशी मारतो. एकटा माणूस असेल तर काही बिघडत नाही, पाय जरा जास्त हलतो इतकंच. पण असे शंभर जण एकत्र आले, की प्रत्येकाच्या पायाची धमक दुसऱ्याच्या पायातून वर चढते आणि थोड्या वेळात शंभर मेंदू एका ठोक्यावर बांधले जातात. मग मेंदूला फक्त एवढंच कळतं, की जो या ठोक्यात आहे तो आपला. जो नाही तो शत्रू.”

“मग रेकॉर्ड लावली तर?” मागून कुणीतरी विचारलं.

“तिचा धोका कमी. रेकॉर्डला समोरचे लोक दिसत नाहीत. जिवंत वादक गर्दीकडे बघून वाजवतो, गर्दी त्याला चढवते, तो गर्दीला चढवतो. गाठ तिथे बसते.”

“आन् बसली की?”

“वादकानं एकदम थांबून उपयोग नाही. गर्दीच्या पायांत ठोका राहतोच, आणि थांबलेला वादक त्यांना शत्रू दिसतो. लय हळूहळू उतरवता येते, पण तेवढ्यात माणसं मरतात. झटक्यात गाठ सोडवायची तर वादकानं चुकायला हवं. पुढचा ठोका मेंदूला वाटतो तिथे पडताच कामा नये. एकदा नाही, सतत. पण माणसाचा हात मुद्दाम बेताल वाजवायला गेला, की थोड्याच वेळात त्या बेतालाचाही ताल होतो. घरी करून बघा.”

लोक हसले. सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसलेला दिगंबर हसला नाही. घरी आला आणि पाणी तापवायचा पत्र्याचा डबा उपडा घालून त्यावर बोटं आपटत बसला.

*

बुकिंगवाल्याची जात मांजरासारखी; कुठूनही फेका, पायांवर पडते. कुणी फोनवरून एका घरी एक गाणं असं विकायला लागलं, कुणी गावोगाव भाजीचे टेम्पो फिरवायला लागलं. मग बाजारात उशीरपेटी आली.

यंत्र साधं होतं. कानांत घट्ट बसणारी बोंडं बाहेरचा आवाज अडवायची आणि कमरेची पेटी तोच आवाज जरा उशिरानं कानात सोडायची. प्रत्येकाचा उशीर वेगळा, आणि तो सारखा बदलता. हलगी एकच, पण शंभर माणसांच्या कानांत ती शंभर वेगवेगळ्या वेळी वाजणार. दोघांचा पाय एकत्र पडलाच तर पुढच्या पावलाला फुटणार. सरकारनं पेटीसह कार्यक्रमांना परवानगी दिली आणि वनितानं सगळ्यात आधी पेट्या आणल्या. जळक्या दुकानावर नवी पाटी चढली : ‘ऐवळे बुकिंग : वाद्य व पेट्या’.

पेट्या घालून नाचणारी वरात बघणं म्हणजे एक करमणूकच होती. नवरदेव उडी मारून खाली आला की करवली वर. कुणाची कोपरं कुणाच्या नाकावर. एका लग्नात तर वरमाय ‘माझीच पेटी बरोबर वाजतीय, बाकीच्यांच्या बिघडल्यात’ म्हणून रुसून बसली. वादक कातावायचे, म्हणायचे की ही वरात नव्हे, मधमाश्या उठल्यात. पण माणसं जिवंत घरी जात होती.

मधल्या काळात वनितालाही ताप येऊन गेला. तेव्हापासून कार्यक्रमाला जाताना ती स्वतःची बोंडं कानातून काढत नसे. सदाशिव गेल्यावर धंदा तिनं एकटीनं उभा केला, पण त्याची एक रीत मात्र तिच्याकडून सुटली. मिरवणुकीची बुकिंग घेतली, की सदाशिव आदल्या दिवशी सगळी वाट स्वतः पायी चालून यायचा. त्या पायानं. तार कुठे खाली आलीय, दवाखाना कुठे आहे, कुणाच्या घरी दुखवटा आहे, म्हणजे तिथून मुक्यानं जायचं, हे तो डोळ्यांनी बघायचा. वनिताकडे आता फोनवर नकाशा होता. पेट्या होत्या. कशाला चालायचं?

दिगंबर तिच्याच घरी राहत होता. हलगीला हात लावत नव्हता. दिवसभर तो पत्र्याचा डबा. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टाक्क. टक्. कधी घाईनं, कधी रेंगाळून. भाकरी थापताना वनिताच्या डोक्यात तो आवाज घुसायचा.

“आरं, काय चालवलंयस? येड लागलंय का तुला?” एकदा ती ओरडली.

“बसतोय आजून,” तो म्हणाला. “ताल बसतोय.”

“बसू दे की मग!”

त्यानं मान हलवली आणि पुन्हा सुरू केलं. तिनं डबा उचलून अंगणात भिरकावला. तो मुकाट्यानं गेला आणि घेऊन आला.

*

रणधीर शेळके दुकानात आला तेव्हा वनिता पेट्या पुसत होती. वाघदऱ्याच्या खिंडीतल्या खडी क्रशरचा मालक. पांढरे कपडे, गोड जीभ.

“ताई, नवीन मशीन बसतंय. कामगारांची मिरवणूक काढायचीय, खिंडीपासून क्रशरपर्यंत. दिवसाढवळ्या. पेट्या सगळ्यांना. पण हलगी दिगंबरची पायजे.”

“दादा वाजवत न्हाई आता.”

“विचारून तर बघा. माणसं त्याची हलगी विसरली न्हाईत.”

“वाटेत कोण कोण हाय?” वनितानं सवयीनं विचारलं.

“डोंगराची वाट. कोण असणार? चार बाया ओवाळायला थांबतील, बस.”

तिनं नकाशा उघडला. घर नव्हतं, दवाखाना नव्हता, तार नव्हती. संध्याकाळी तिनं दिगंबरला विचारलं आणि तो चक्क हो म्हणाला. वनिताला भरून आलं. भावाशी ती धड बोलत नव्हती, तरी त्यानं हलगी खुंटीवरून काढून चुलीपुढे शेकायला धरली, कातडं तापून टणकन बोललं, तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. माणूस परत उभा राहतोय एवढंच तिला दिसलं. वाट चालून बघायची तिला आठवण झाली नाही.

खिंडीत पोचल्यावर तिला दिसलं ते असं : वळणापलीकडे, रस्त्याच्या मधोमध, खालच्या वस्तीतल्या बायका बसल्या होत्या. क्रशरच्या धुळीनं पोरांच्या छात्या भरल्या म्हणून महिनाभर रस्ता अडवून बसलेल्या. कुणाच्या डोक्यावर पदर, कुणाच्या मांडीवर तान्हं. मुकाट, स्थिर. आणि अलीकडे शेळकेची दोनशे माणसं, सगळी तापातून उठलेली, हातांत फावडी आणि टिकाव. तिनं दिगंबरबरोबर पुढे पाठवलेल्या पेट्या रस्त्याच्या कडेला ढिगानं फेकलेल्या.

मारायला कुणाला सांगायचं नव्हतं, कुणाचं नाव यायचं नव्हतं. ठेका सुरू करायचा आणि पुढे माणसं स्थिर बसलेली असायची, की झालं. उद्या पेपरात ठेकातापाची आणखी एक दुर्घटना.

“दादा, वाजवू नगंस!” ती धावली. पण दिगंबरच्या मानेवर मागून कोयता टेकवलेला होता आणि टिपरू केव्हाच सुरू झालं होतं. शेळके मागे उघड्या जीपमध्ये कानांवर जाडजूड टोप्या चढवून बसला होता. कुणीतरी वनिताचा दंड धरला.

“ऐका की बाई तुमी बी,” तो माणूस हसून म्हणाला, आणि त्यानं तिच्या कानातली बोंडं उपसून टाचेखाली चिरडली.

हलगी तिच्या अंगात शिरली.

आधी टाच हलली. नको, ती स्वतःला म्हणाली, नको. मग शेजारच्याचा पाय आपटला तो तिच्या पोटरीतून वर आला, तिचा पाय आपटला तो त्याच्यात गेला. कडेच्या धुळीतून, खडीतून, दगडातून एकच धमक चढत होती. आणि वनिताला बरं वाटलं. खोटं कशाला, सदाशिव गेल्यापासून तिला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. पलंगाची रिकामी बाजू नव्हती, जळकं दुकान नव्हतं, भावाशी धरलेला अबोला नव्हता. दोनशे जणांचं एकच काळीज होतं आणि ती त्याच्या आत होती.

फक्त समोर काहीतरी चुकत होतं. रस्त्यावर काही आकृत्या बसल्या होत्या आणि त्या ठोक्यात नव्हत्या. त्यातल्या एकीच्या मांडीवर पोर होतं, ते भलत्याच वेळी हातपाय हलवत होतं. वनिताला त्या पोराचा असा संताप आला की तिचे दात आवळले गेले. तिनं वाकून दगड उचलला, तोही ठोक्यावर.

मागच्या रांगांना जीप दिसली. शेळके तिच्यात ठोकळ्यासारखा बसला होता. कानांवरच्या टोप्यांनी त्याला ठेक्यापासून वाचवलं, आणि म्हणूनच तो ठेक्यात नव्हता. एवढी साधी गोष्ट त्या शहाण्याच्या ध्यानात आली नव्हती. मागच्यांनी त्याला जीपमधून ओढला. त्याचा जबडा बॉनेटवर आपटला, पुन्हा आपटला, ठोक्याठोक्याला आपटत राहिला. पुढच्या रांगेनं पहिल्या बाईच्या डोक्यावर फावडं घातलं. तिच्या शेजारणीनं दोन्ही हात वर केले, तर टिकाव हातांतून आरपार गेला. बायका किंचाळत उठल्या, पण मागे कडा होता.

दिगंबरच्या मानेवरचा कोयता कधीच गळून पडला होता. धरणारा आता स्वतःच तालात नाचत होता. दिगंबरनं एकदा बहिणीकडे पाहिलं. तिच्या हातातल्या दगडाकडे पाहिलं. आणि त्यानं ठोका बदलला.

टप्.

वनिताचा पाय वर होता. खाली यायला तिला ठोका हवा होता. ठोका आला नाही.

टाप्प.

आता आला, पण उशिरा. टप्... टाप्प. हे लांब, हे आखूड. मध्येच एक भरभर, उतारावर पाय घसरल्यासारखं. मग एक रेंगाळलेलं, चढावर दम खाल्ल्यासारखं. पायांना वाटायचं आता पडेल, तेव्हा तो ठोका पडत नव्हता. पण जेव्हा पडायचा तेव्हा वनिताला माहीत असायचं, की हो, इथेच पडायला हवा होता. हे तिला कुठून माहीत? दोनशे माणसांत एकटीला कसं माहीत? ते तिनं रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. स्टँडवरून गल्लीत वळणारं, पायरीशी अडखळणारं. ते ऐकून ती चहाचं आधण ठेवायची.

सदाशिव चालत येत होता.

तिच्या हातातला दगड खाली पडला. ज्याच्यावर ती तो टाकणार होती ते चार महिन्यांचं पोर होतं, हे तिला तेव्हा दिसलं.

पुढच्या रांगेचे पाय एकमेकांत अडकले. दोघं-चौघं भेलकांडले. गाठ सुटायला लागली, पण सुटता सुटता गर्दीनं शेवटचा शत्रू ओळखला. ठोका चुकवणारा तर मधोमध उभा होता. चौघं दिगंबरवर तुटून पडले. फावड्याचा दांडा त्याच्या उजव्या मनगटावर बसला आणि हाड कडकन बोललं. टिपरू उडून गेलं. दिगंबर गुडघ्यांवर आला, हलगी छातीशी दाबून धरली आणि डाव्या हातातल्या बारीक काडीनं वाजवत राहिला. टप्... टाप्प. पुन्हा घाव, मोडलेल्या हातावरच. टाप्प... टप्. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं आणि काडी चालत होती. वनितानं स्वतःला त्याच्या अंगावर झोकून दिलं. तिच्या पाठीत एक लाथ बसली, दुसरी बसली. तिसरी आली नाही.

तिनं डोकं वर काढलं तेव्हा माणसं आपापल्या हातांकडे बघत उभी होती. एक जण ओकत होता. एक जण हातातलं फावडं कुठे टाकावं हे न समजून ते नुसतं धरून उभा होता. रस्त्यावर दोन बायका मेल्या होत्या. चाळीस जिवंत होत्या.

*

शेळके वाचला. जबडा तारेनं बांधलेला आणि दाराशी पोलीस, अशा थाटात. दिगंबरचा उजवा हात मात्र मनगटापासून काढावा लागला.

वनिता त्याच्या खाटेशी बसून होती.

“त्या दिवशी पाचखडीला,” दिगंबर आपणच म्हणाला, “तू म्हनलीस थांब. थांबायचं नव्हतं, वने. चुकायचं होतं. मला चुकता येत नव्हतं. जल्मभर एकच शिकलेलो, न चुकायचं. डाक्टरीन बाई बोलली तवा कळलं.”

“मग तुझ्या दाजीची चाल...”

“दुसरं बेताल काय वाजवाय गेलो की हात ताल धरायचा. मग म्हनलं, ज्याच्यापायी ती सगळी गर्दी पिसाळली, तेच धरू. दाजी कुठल्या वाटंनं कसा चालायचा ते मनात आणायचो आन् तसं वाजवायचो. वाट बदलली की चाल बदलती. ताल बसत न्हाई.”

वनितानं त्याच्या उरलेल्या हातावर डोकं टेकवलं आणि ती रडली. सदाशिवच्या अंत्यविधीलाही ती अशी रडली नव्हती.

डॉक्टर बर्वे येऊन गेल्या. त्या चालीची रेकॉर्ड करून गावोगाव वाटावी असा त्यांचा विचार होता. करूनही पाहिली. पण रेकॉर्ड तीच ती वाजते, दोनदा ऐकली की मेंदू ती पाठ करतो आणि लंगडण्याचाही ठेका होतो. जिवंत माणूसच पाहिजे, प्रत्येक वेळी नव्या वाटेनं चालणारा.

म्हणून आता ऐवळे बुकिंगची पद्धत अशी आहे. कुठलीही वरात असो, जत्रा असो, पेट्या जातातच, पण वाद्यांबरोबर एक हलगी जादा जाते. तिनं कार्यक्रमभर गप्प बसायचं. पायांचा आवाज एक व्हायला लागला, की उठायचं आणि चुकायचं. मार बसला तरी चुकत राहायचं. असं काम कोण पत्करेल असं वनिताला वाटलं होतं. सात जण आले. त्यात खिंडीतल्या दोन बायका होत्या. आणि आदल्या दिवशी प्रत्येक वाट वनिता स्वतः चालून येते.

शिकवणी तिच्या अंगणात भरते. दिगंबर भिंतीला टेकून बसतो, सातही जण डबे उपडे घालून. पण चाल नुसती सांगून शिकवता येत नाही. म्हणून वनिता पदर खोचते, उजवा पाय आखडून घेते आणि दारापासून फाटकापर्यंत चालते. टप्... टाप्प. पहिल्या दिवशी तिला लाज वाटली होती. शेजारणी बघत होत्या. आता वाटत नाही. त्या पायावर भार टाकला की कमरेत कळ येते, आणि हा माणूस जन्मभर अशी कळ घेऊन आपल्यासाठी वाटा बघत हिंडला, हे तिला पावलागणिक कळतं.

परवा ती फाटकाशी वळत होती, तेव्हा दिगंबरनं हात वर केला.

“न्हाई वने. चुकलं. वळणावर दाजी असा सरळ जायचा न्हाई. एक पाऊल ज्यादा थांबायचा. मिरवणुकीत मी त्याच्या मागंच असायचो की, मला म्हाईत हाय.”

“कशाला थांबायचा?”

“मागं वळून बघायचा,” दिगंबर म्हणाला. “तू येतीयास का, ते.”

वनिता फाटकाशी उभी राहिली. मग परत दारापर्यंत गेली, उजवा पाय आखडला आणि पुन्हा चालत आली. वळणावर ती एक पाऊल जास्त थांबली, आणि तिनं मागे वळून पाहिलं.